ऑफिसचा फोन इंटरनेटवर नेताना: फायदा कशात आहे आणि आवाज कुठे तुटतो

तारयंत्र | सोमवार, सकाळी ९:४०

जुन्या ईपीएबीएक्सचं (ऑफिसातल्या फोन एक्स्चेंजचं) कार्ड जळलं की प्रश्न उभा राहतो: तेच कार्ड शोधत फिरायचं, की सिप ट्रंक (ऑपरेटरकडून डेटा कनेक्शनवर मिळणाऱ्या फोनलाइन) घेऊन सगळा फोन इंटरनेटवर न्यायचा? विकणारे सुरुवातच "बिल निम्म्यावर येईल" अशी करतात. आपल्याकडे मोबाइलवर बोलणं इतकं स्वस्त झालंय की नुसत्या कॉलदरातून हा खर्च भरून निघणं अवघड आहे. त्या हिशेबाने कुणी घेत असेल तर घेऊ नये.

खरा फायदा वेगळा आहे. छोट्या धंद्यात ग्राहक फोन करतो तो सेल्समनच्या खासगी मोबाइलवर. सेल्समन नोकरी सोडतो, सिम त्याच्यासोबत जातं आणि सिममागोमाग ग्राहक. दिवसभरात किती कॉल हुकले, त्यातल्या कुणाला परत फोन केला, याची नोंद कुठेच नसते. सिप ट्रंकवर नंबर कंपनीच्या मालकीचा राहतो. माणूस बदलला तरी एक्स्टेन्शन तेच, प्रत्येक हुकलेल्या कॉलची नोंद, दुसऱ्या गावातली शाखा तीन आकड्यांवर. हे हवं असेल तरच पुढचं वाचा.

चर्चा भरकटू नये म्हणून एकच उदाहरण धरू. भोसरी एमआयडीसीत कारखाना, १८ एक्स्टेन्शन, तांब्याच्या ४ लाइन. नाशिकला अंबडमध्ये गोदाम, तिथे ४ फोन. बाहेरच्या कॉलची गरज एका वेळी जास्तीत जास्त ६. आज चार लाइनी भरल्या की पाचव्या ग्राहकाला एंगेज टोन मिळतो. पीआरआय (ऑपरेटरची जुन्या पद्धतीची डिजिटल लाइन) घेतली तर ३० चॅनेल, म्हणजे एका वेळच्या ३० कॉलची सोय, एकगठ्ठा घ्यावे लागतात. सिपमध्ये गरजेपुरते घेता येतात, पुढे वाढवायला नवी तार ओढावी लागत नाही.

कॅट सिक्स | सोमवार, सकाळी १०:१५

पहिला गैरसमज बँडविड्थचा. जी.७११ कोडेकमध्ये (आवाज डेटात बदलायच्या पद्धतीत) आवाज ६४ केबीपीएस असतो. दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येकावर आयपी, यूडीपी, आरटीपी आणि इथरनेटचं आवरण चढलं की एका दिशेला सुमारे ८७ केबीपीएस होतात. ६ कॉलना जेमतेम अर्धा एमबीपीएस. जी.७२९ घेतला तर कॉलमागे ३१ केबीपीएस. त्याची पेटंट २०१७ च्या सुरुवातीला संपली, त्यामुळे आता परवान्याचा प्रश्न नाही. तरी लाइन बरी असेल तर जी.७११ चा ए-लॉ प्रकारच ठेवा, आपल्याकडची टेलिफोन जाळी तोच वापरते.

मग १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर आवाज का तुटतो? अपलोडची रांग तुंबते म्हणून. अकाउंट्सचा बॅकअप किंवा सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग क्लाउडवर चढायला लागलं की राउटरमध्ये पॅकेटांची रांग लागते आणि आवाजाचं पॅकेट त्या रांगेत उभं राहतं. उपाय राउटरवर करायचा. अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर बांधा, म्हणजे रांग तुमच्या राउटरमध्ये राहते, पुढच्या मोडेममध्ये नाही. मग आवाजाच्या पॅकेटांना, म्हणजे डीएससीपी ४६ ची खूण असलेल्यांना, त्या रांगेत पुढे काढा. इंटरनेटवर बाहेर पडल्यावर ती खूण कुणी मानेलच असं नाही, पण कोंडी बहुधा तुमच्याच अपलोडवर असते, त्यामुळे निम्म्याहून जास्त काम तिथे होतं.

तपासायचं असेल तर बॅकअप चालू असताना ऑपरेटरच्या सर्व्हरला पिंग ५०० वेळा मारा. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत, चढउतार ३० च्या आत आणि हरवलेली पॅकेटं एक टक्क्याच्या खाली हवीत. पिंग जाऊन-येऊन लागणारा वेळ दाखवतं, म्हणून आकडा निम्मा करून वाचा. रिकाम्या ऑफिसात रविवारी केलेल्या चाचणीला काही अर्थ नाही.

निळी वायर | सोमवार, सकाळी ११:०२

एक भर. मोठे ऑपरेटर सिप ट्रंक बहुतेकदा उघड्या इंटरनेटवर देत नाहीत, वेगळी फायबर आणून खासगी आयपी देतात. तिथे कॅट सिक्स यांनी सांगितलेली रांग लागत नाही. पण पीबीएक्सला, म्हणजे आपल्या नव्या एक्स्चेंजला, दोन लॅन पोर्ट लागतात, एक ऑपरेटरकडे आणि एक ऑफिसच्या नेटवर्ककडे. डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं नेहमीचं दार) ऑफिसकडे राहतो, ऑपरेटरच्या पत्त्यांसाठी स्थिर रूट (कायमचा ठरलेला रस्ता) लिहावा लागतो.

नेमकी इथेच चूक होते. सिग्नलिंगचा (कॉल जोडून देणारा) सर्व्हर एका पत्त्यावर असतो आणि आवाज दुसऱ्याच पत्त्यावरून येतो. टेक्निशियन फक्त पहिल्याचा रूट टाकून निघून जातो. घंटी वाजते, कॉल उचलला जातो, ग्राहकाचा आवाज इकडे येतो, आपला आवाज मात्र चुकीच्या दाराने बाहेर पडून हरवतो. बसवण्याच्या दिवशीच ऑपरेटरकडून मीडिया गेटवेच्या (आवाज पाठवणाऱ्या सर्व्हरच्या) सगळ्या आयपी पट्ट्या लेखी मागून घ्या.

उघड्या इंटरनेटवरचा ट्रंक असेल तर बघा, राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात आहे का. असेल तर तुम्ही ऑपरेटरच्या सामायिक नॅटमागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. यूझरनेम-पासवर्डने नोंदणी होणारा ट्रंक तिथे चालतो, आयपीवर ओळख पटवणारा नाही. त्याला स्टॅटिक आयपी घ्यावाच लागतो.

हिरवा दिवा | सोमवार, दुपारी १२:३०

विजेबद्दल अजून कुणी बोललेलं नाही. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट मिळतात, त्यामुळे अंधारातही साधा फोन चालू राहतो. आयपी फोन वीज गेली की मेला. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते, आणि त्या दिवशीही ग्राहकाचा फोन येतोच.

हिशेब असा. १८ फोन गुणिले ५ वॉट म्हणजे ९०. पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच फोनला वीज देणारा) स्वतःसाठी २०, पीबीएक्सचा छोटा पीसी २०, राउटर आणि फायबरचा डबा मिळून २०. एकूण १५० वॉट. संगणकाखाली असतो त्या ६०० व्हीए यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटं. १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर घेतला, बॅटरी निम्मीच वापरली, तर सहा तास निघतात.

इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू ठेवा. साध्या मोडमध्ये वीज बदलताना इतका वेळ जातो की पीबीएक्स रीस्टार्ट होतो आणि चालू असलेले सगळे कॉल कट. शक्य असेल तर पीबीएक्सला आपला छोटा यूपीएस वेगळा द्या. आणि फायबरचा डबा! तो बहुतेक ठिकाणी जिन्याखालच्या साध्या सॉकेटला लावलेला असतो. त्याला इन्व्हर्टरची वायर नेली नाही तर बाकी सगळं चालू राहून उपयोग शून्य.

पीओई स्विच घेताना पोर्ट मोजू नका, एकूण वॉट मोजा. ८०२.३एएफ पोर्ट १५.४ वॉटपर्यंत देऊ शकतो, पण स्वस्त स्विचचं एकूण बजेट सगळे पोर्ट भरायला पुरत नाही. कॅमेरेही त्याच स्विचला लावले की रात्री त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात, बजेट संपतं आणि काही फोन बंद पडतात.

सांधेवाला | सोमवार, दुपारी २:१०

केबलचं बोलू. इंटरकॉमची जुनी दोन जोडीची तार इथरनेटला चालत नाही. कॅट सिक्स जातीची केबल नव्याने ओढावी लागते, स्विचपासून १०० मीटरच्या आत. शॉपफ्लोअर, सिक्युरिटी केबिन, वजनकाटा इथे हे जिकिरीचं आणि महाग काम आहे.

तिथे नवीन फोन लावूच नका. क्रोनच्या पेटीजवळ (जिथे टेलिफोनच्या सगळ्या जोड्या एकत्र येतात) ८ पोर्टचा एफएक्सएस गेटवे बसवा. जुन्या जोड्या आणि जुने साधे फोन तसेच राहतील, गेटवे त्यांना डायलटोन आणि घंटी देईल. १८ पैकी ८ फोन असे ठेवले तर केबलचा खर्च निम्म्याने उतरतो, हिरवा दिवा यांचा वॉटचा हिशेबही खाली येतो. पेटीत एफएक्सएसच्या जोड्यांना लाल खूण करा. घंटीच्या वेळी त्यांवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी असतो, कुणी चुकून ती जोडी स्विचमध्ये घातली तर पोर्ट जातो.

टेबलावर आयपी फोन असेल तिथे त्याच्या मागच्या पीसी पोर्टला संगणक लावायची पद्धत आहे. एक केबल वाचते खरी, पण स्वस्त फोनचा तो पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो. सर्व्हरवरची मोठी ड्रॉइंग उघडणाऱ्या डिझाइन खात्याला ते चालत नाही. तिथे दोन पोर्ट द्या.

अंकपाश | सोमवार, दुपारी ३:४५

डायल प्लॅनच्या, म्हणजे कोणता नंबर कुठे जाईल त्या नियमांच्या, तीन गोष्टी, प्रत्येकीत ठेच लागते.

एक्स्टेन्शन १०० पासून सुरू करू नका. रिसेप्शनला १०१ देण्याची जुनी सवय आहे. १०० पोलीस, १०१ अग्निशमन, १०८ रुग्णवाहिका, ११२ एकत्रित मदत. आग लागल्यावर कुणी १०१ फिरवलं आणि रिसेप्शनचा फोन वाजला तर? २०० पासून सुरुवात करा, आणि हे चारही नंबर कोणताही कोड न लावता थेट बाहेर जातील असा नियम सगळ्यात वर ठेवा.

दुसरं, शून्याचं. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी ० लागतो. जुन्या ईपीएबीएक्सवर "शून्य दाबून लाइन घ्या" ही सवय. दोन्ही एकत्र आले की पीबीएक्सला ००९८ असं काही दिसतं. ०० म्हणजे परदेशी कॉल, ९८ हा इराणचा कोड. आयएसडी बंद असेल तर मोबाइलचे सगळे कॉल अडतात, चालू असेल तर काय होईल ते सांगायला नको. आयपी फोनवर लाइन घ्यायचा कोड लागतच नाही, तो काढून टाका. नियम आकड्यांच्या संख्येवर लिहा: १० आकडी आणि सुरुवात ६ ते ९ ने, तर पुढे ० लावून पाठव. ८ आकडी असेल तर पुण्यातला स्थानिक.

तिसरं, येणाऱ्या कॉलचा नंबर. कधी +९१ लावून येतो, कधी ०, कधी नुसते दहा आकडे. सगळ्याचे शेवटचे दहा आकडे काढून मग ग्राहकाच्या यादीशी जुळवा, नाहीतर एकच ग्राहक तीन नावांनी नोंदला जातो आणि हुकलेल्या कॉलच्या ज्या नोंदीसाठी हा खटाटोप केला तीच बिघडते.

तारयंत्र | सोमवार, सायंकाळी ५:२०

अंकपाश, १०१ चा मुद्दा फार महत्त्वाचा. त्याला जोडून: अंबडचे फोन भोसरीच्या ट्रंकवरून बाहेर पडत असतील तर तिथून लावलेला ११२ पुण्याच्या नंबरवरून गेलेला दिसतो. गोदामात एक स्थानिक लाइन किंवा कंपनीचा मोबाइल ठेवा आणि आणीबाणीचा कॉल त्यावरूनच करायचा हे भिंतीवर लिहा. ट्रंक दुसऱ्या पत्त्यावरून वापरता येईल का, हे ऑपरेटरकडून लेखी घ्या. दोन शाखांमधले आपापसातले कॉल हा वेगळा विषय आहे, ते व्हीपीएनमधून (इंटरनेटवरच्या खासगी वाटेने) एक्स्टेन्शन ते एक्स्टेन्शन जातात.

आता कॉल वळवण्याबद्दल, कारण हुकणारे कॉल वाचवायचे तर इथेच वाचतात. आपल्याकडे घंटीचं एक आवर्तन ३ सेकंदांचं असतं: ०.४ वाजते, ०.२ थांबते, पुन्हा ०.४, मग २ सेकंद शांत. रिसेप्शनला १५ सेकंद म्हणजे पाच घंट्या. मग सेल्सचे तिन्ही फोन एकदम २० सेकंद. तरी नाही उचलला तर मोबाइलवर.

मोबाइलवर वळवताना "कॉल घेण्यासाठी १ दाबा" ही सोय चालू ठेवाच. नाहीतर मोबाइलच्या व्हॉइसमेलने किंवा रेकॉर्डेड आवाजाने कॉल उचलला की पीबीएक्स समजतो, माणूस भेटला. ग्राहक त्या आवाजाशी बोलून फोन ठेवतो आणि हुकलेल्यांच्या यादीत तो कॉल येतच नाही.

वळवलेला कॉल दोन चॅनेल खातो, एक येणारा आणि एक जाणारा. ६ चॅनेलमध्ये असे तीन कॉल झाले की ट्रंक भरला. म्हणून या उदाहरणात ८ घ्या. आणि मोबाइलवर ग्राहकाचा नंबर दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. आपल्याला दिलेल्या पट्ट्याबाहेरचा नंबर पाठवला की ऑपरेटर बहुधा कॉल नाकारतो, त्यामुळे तिथे कंपनीचाच नंबर दिसतो.

कुलूपकिल्ली | सोमवार, रात्री ८:०५

सुरक्षा. यातला धोका खरा आणि पैशांचा आहे. सिपचा ५०६० पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवला की काही तासांत स्कॅन सुरू होतात. एक्स्टेन्शन २०१ आणि पासवर्डही २०१ असेल तर तो सापडायला मिनिटं लागतात. मग शनिवारी रात्री महागड्या परदेशी नंबरांवर कॉल सुरू होतात, ते सोमवारी सकाळपर्यंत चालतात. बिल कंपनीलाच येतं.

काय करायचं: आयएसडी ऑपरेटरकडेच लेखी अर्जाने बंद करा, फक्त पीबीएक्समध्ये नाही. पीबीएक्स हातातून गेला तर त्यातला नियमही जातो. निर्यात करणाऱ्यांनी लागतील तेवढेच देश उघडावेत. प्रत्येक एक्स्टेन्शनला सोळा अक्षरी वेगळा पासवर्ड. ५०६० बाहेरच्यांसाठी बंद, फक्त ऑपरेटरच्या आयपीसाठी उघडा. बाहेर फिरणाऱ्या सेल्समनचं मोबाइल ॲप वायरगार्डसारख्या व्हीपीएनमधून जोडा. फेलटूबॅन (वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्याला अडवणारा प्रोग्राम) चालू ठेवा, पण त्यालाच एकमेव कुंपण समजू नका.

ॲडमिनचं पान इंटरनेटवरून दिसताच कामा नये. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रीपीबीएक्स या पीबीएक्स सॉफ्टवेअरच्या ॲडमिन पानातल्या त्रुटीचा गैरफायदा घेतला गेला, तेव्हा फटका बसला तो हे पान बाहेर उघडं ठेवणाऱ्यांना. जुना ॲस्टरिस्क (पीबीएक्सचं मूळ सॉफ्टवेअर) चालवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, आवृत्ती २१ पासून त्यातला सिप सांभाळणारा जुना भाग, चॅन-सिप, काढून टाकलाय. अपग्रेडच्या आधी सगळी एक्स्टेन्शन त्याच्या जागी आलेल्या पीजेसिपवर न्या, नाहीतर अपग्रेडनंतर एकही फोन नोंदणार नाही.

दुवा | मंगळवार, सकाळी ९:१०

क्लाउडवरचा पीबीएक्स का नको? सर्व्हर सांभाळायला माणूस लागत नाही, बॅकअप त्यांच्याकडे, महिन्याचं ठरलेलं भाडं. १८ टक्के जीएसटीचं इनपुट क्रेडिटही मिळतं.

निळी वायर | मंगळवार, सकाळी ९:४८

@दुवा, दहा माणसांचं ऑफिस, सगळे बाहेर फिरणारे, तर क्लाउडच घ्या. कारखान्यात अडचण वेगळी. तिथे दिवसातले बहुसंख्य कॉल आतल्या आत असतात, स्टोअरमधून प्रॉडक्शनला, गेटवरून डिस्पॅचला. क्लाउडमध्ये तेही कॉल इंटरनेटवर जाऊन परत येतात. रस्ता खोदताना फायबर तुटली की गेटवरून आतही बोलता येत नाही. पीबीएक्स आपल्या रॅकमध्ये असेल तर बाहेरचं तुटतं, इंटरकॉम चालू राहतो.

तरी क्लाउड घेणार असाल तर दोन गोष्टी विचारा. सर्व्हर मुंबईत आहे की परदेशात, आणि फोनची नोंदणी तुटली तर येणारा कॉल आपोआप मोबाइलवर वळतो का. दुसरं इंटरनेट जोडून ठेवलं तरी बदल होताना सार्वजनिक पत्ता बदलतो, चालू कॉल तुटतात आणि पुन्हा नोंदणी होईपर्यंत फोन मुका राहतो. नोंदणीची मुदत तासाची असते ती १२० सेकंदांवर आणा.

कोकणकडा | मंगळवार, सकाळी ११:३०

आमच्या गिऱ्हाइकांना वीस वर्षं जुना ०२० चा नंबर पाठ आहे. तो नव्या ऑपरेटरकडे नेता येतो का?

तारयंत्र | मंगळवार, दुपारी १२:०५

नाही. आपल्याकडे नंबर पोर्टिंग मोबाइललाच आहे, लँडलाइनला नाही. त्याच ऑपरेटरचा सिप ट्रंक मिळत असेल तर आधी तिथे अर्ज करा, नंबर तोच ठेवून लाइन बदलून मिळू शकते. नाहीतर जुनी एक लाइन चालू ठेवा आणि एफएक्सओ गेटवेने (बाहेरची साधी लाइन पीबीएक्सला जोडणाऱ्या डब्याने) पीबीएक्समध्ये आणा. बाहेर जाणारे कॉल नव्या ट्रंकवरून, येणारे दोन्हीकडून. किमान वर्षभर असं चालवा, तोवर बिलं, पाट्या, व्हिजिटिंग कार्डं बदलून होतात.

कायद्याचंही इथेच सांगतो. ट्रंक परवानाधारक ऑपरेटरकडूनच घ्यायचा. परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल सिम बॉक्समधून (अनेक सिम घातलेल्या यंत्रातून) इथल्या नंबरांवर उतरवणं गुन्हा आहे, स्वस्त दराचा मोह दाखवणाऱ्यांपासून लांब राहा. जाहिरातीचे कॉल साध्या नंबरावरून करता येत नाहीत, त्यासाठी १४० ने सुरू होणारी मालिका आहे. रेकॉर्डिंग करत असाल तर सुरुवातीलाच मराठीत स्पष्ट सांगा. त्या सूचनेची ध्वनिफीत ८ किलोहर्ट्झ, मोनो, १६ बिटमध्ये हवी. मोबाइलवर रेकॉर्ड केलेली फाइल तशीच चढवली तर बऱ्याचदा ग्राहकाला नुसती शांतता ऐकू येते. रेकॉर्डिंगला मिनिटाला सुमारे १ एमबी धरा. रोज ५०० मिनिटं आणि महिन्याला २६ दिवस म्हणजे १३ जीबी.

कॅट सिक्स | मंगळवार, दुपारी ४:२०

कॉल कट होतो अशी तक्रार आली तर किती वेळाने होतो ते आधी विचारा, अर्धं निदान तिथेच होतं.

बरोबर ३२ सेकंदांनी: कॉल उचलल्याची पोच दुसऱ्या बाजूला पोचत नाही. सिपमध्ये तेवढा वेळ वाट पाहून कॉल सोडून देतात. राउटरमधलं सिप एएलजी (सिपच्या संदेशांत फेरफार करणारी सोय) बंद करा आणि पीबीएक्समध्ये बाहेरचा आयपी बरोबर लिहिलाय का बघा. १५ किंवा ३० मिनिटांनी: सेशन टायमरचा, "कॉल अजून चालू आहे ना" असं विचारणारा संदेश मध्ये फायरवॉल गिळतो. काही वेळ फोन पडून राहिला की येणारा कॉल वाजत नाही, पण आपण एक कॉल केला की पुढचे वाजतात: राउटरने यूडीपीची वाट बंद केलेली असते, कीप-अलाइव्ह (वाट उघडी ठेवणारा संदेश) ३० सेकंदांच्या आत ठेवा. बँकेच्या आयव्हीआरमध्ये ("१ दाबा, २ दाबा" सांगणाऱ्या यंत्रणेत) आकडे दाबले तरी पुढे सरकत नाही: डीटीएमएफ (दाबलेल्या आकड्यांचे सूर) आवाजातून जातंय, ते आरएफसी ४७३३ वर, म्हणजे आकडे वेगळ्या पॅकेटांतून पाठवायच्या पद्धतीवर न्या, जी.७२९ मध्ये तर आवाजातले आकडे मोडतातच.

सांधेवाला | मंगळवार, सायंकाळी ६:००

@कोकणकडा, जुनी लाइन एफएक्सओने आणणार असाल तर गेटवेत देश भारत निवडलाय का ते पाहा. समोरच्याने फोन ठेवल्यावर आपल्याकडे ४०० हर्ट्झचा एंगेज टोन येतो, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. गेटवे बरेचदा अमेरिकन सेटिंगवर येतात. ते ४८० आणि ६२० हर्ट्झचा, अर्ध्या सेकंदाचा टोन शोधत बसतात. तो कधी येत नाही, गेटवे लाइन सोडत नाही आणि पुढच्या प्रत्येक ग्राहकाला नंबर एंगेज लागतो. टोन हाताने भरा, मग बाहेरून फोन करून, बोलून, आधी बाहेरच्या बाजूने ठेवून बघा. पाच-सात सेकंदांत पोर्टचा दिवा विझला पाहिजे. लाइनीवर गॅस ट्यूबचा सर्ज प्रोटेक्टर आणि वेगळं अर्थिंग मे महिन्याच्या आत लावून घ्या. वळवाच्या विजांत सगळ्यात आधी एफएक्सओचे पोर्टच जातात.

कोकणकडा | मंगळवार, सायंकाळी ७:१५

गेटवेत देश अमेरिकाच होता. भारत निवडून टोन भरला. आता सहा सेकंदांत दिवा विझतो. सर्ज प्रोटेक्टर क्रोनच्या आधी लावायचा की नंतर?

सांधेवाला | मंगळवार, सायंकाळी ७:३२

आधी. तार इमारतीत शिरते तिथेच, आणि अर्थिंगची वायर जितकी आखूड आणि सरळ तितकं बरं.